होल्डन कॉलफिल्ड : न सरलेला शोक आणि मोठे होण्याची भीती

१. पुस्तक आणि मुलगा

जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ ही कादंबरी १६ जुलै १९५१ रोजी ‘लिटल, ब्राउन’ या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. लेखक तेव्हा ३२ वर्षांचा होता. कादंबरीचा निवेदक होल्डन कॉलफिल्ड १७ वर्षांचा आहे आणि तो सांगतो ती हकिकत त्याच्या सोळाव्या वर्षी नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर घडलेली आहे. पेनसिल्व्हेनियातल्या पेन्सी या निवासी शाळेतून त्याला काढून टाकले आहे. पाचांपैकी चार विषयांत तो नापास झाला आहे, फक्त इंग्रजीत पास. शाळेचे पत्र घरी पोचायला दोन-तीन दिवस लागणार. तेवढे दिवस न्यूयॉर्कमध्ये कुठेतरी काढून मग बुधवारी घरी जायचे, असे ठरवून तो शनिवारी रात्री शाळेतून निघतो. सोमवारी दुपारी तो सेंट्रल पार्कमध्ये पावसात भिजत बसलेला असतो. कथानक म्हणावे ते एवढेच.

या छोट्या हकिकतीच्या साडेसहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. अमेरिकेतल्या कित्येक शाळांनी ती अभ्यासक्रमाला लावली आणि कित्येक शाळांनी ग्रंथालयातून काढून टाकली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात १९६० मध्ये ती वर्गात वाचायला दिली म्हणून एका शिक्षकाची नोकरी गेली, आणि मग ती परतही मिळाली. होल्डनच्या शिवराळ बोलण्यावर, दारू-सिगारेटवर आणि एका वेश्येला खोलीवर बोलावण्यावर आक्षेप घेतले गेले. दुसऱ्या बाजूने, मोठ्यांच्या जगाचा नाटकीपणा उघडा पाडणारा बंडखोर म्हणून त्याचा गौरव झाला. आक्षेप आणि गौरव या दोन्ही गोंगाटांत एक साधी गोष्ट बराच काळ मागे पडली. हा मुलगा आजारी आहे. तो हकिकत सांगतो तीसुद्धा कॅलिफोर्नियातल्या एका उपचारकेंद्रातून, आणि तिथला मनोविश्लेषक त्याला सप्टेंबरपासून अभ्यासात लक्ष घालशील ना, असे विचारतो आहे.

२. अ‍ॅलीचा मृत्यू

होल्डनच्या आजाराचे मूळ पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात, एका निबंधाच्या निमित्ताने समोर येते. त्याचा खोलीतला सोबती स्ट्रॅडलेटर एका मुलीला घेऊन फिरायला निघाला आहे. आपला निबंध होल्डनने लिहून द्यावा, अशी त्याची मागणी आहे. एखाद्या खोलीचे किंवा घराचे वर्णन, असा विषय आहे. होल्डनला खोली सुचत नाही. तो आपल्या धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्याचे वर्णन लिहितो. हा भाऊ अ‍ॅली. होल्डनपेक्षा दोन वर्षांनी लहान, लाल केसांचा आणि घरात सर्वांत हुशार. मैदानात उभे असताना खेळ थांबला की वाचायला काहीतरी असावे म्हणून त्याने हातमोज्याच्या बोटांवर आणि खोबणीत हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. १८ जुलै १९४६ रोजी, कुटुंब मेन राज्यात सुट्टीला गेलेले असताना, अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगाने वारला. तो ११ वर्षांचा होता आणि होल्डन १३ वर्षांचा.

त्या रात्री होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि तिथल्या सगळ्या काचा त्याने मुठीने फोडल्या. गाडीच्याही काचा फोडायच्या होत्या, पण तोवर हात मोडला होता. आईवडील त्याला मनोविश्लेषकाकडे नेण्याच्या विचारात होते. हात दुखावल्याने तो रुग्णालयात राहिला आणि भावाच्या अंत्यसंस्काराला जाऊ शकला नाही. ही गोष्ट तो खूप पुढे, जाता जाता, एका वाक्यात सांगून टाकतो. शोकाच्या दृष्टीने मात्र ती फार मोठी आहे. घरातली सगळी माणसे ज्या क्षणी एकत्र रडली, त्या क्षणी हा मुलगा तिथे नव्हता. आजही पाऊस आला की तो हात दुखतो आणि मूठ नीट वळत नाही.

निबंधाचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. स्ट्रॅडलेटर रात्री परत आल्यावर कागद वाचतो आणि चिडतो. विषय खोलीचा होता, हातमोजा कुठून आला, असे त्याचे म्हणणे. होल्डन काही न बोलता कागद फाडून टाकतो. भावाबद्दल तो पहिल्यांदाच काही लिहितो आणि ते वाचणाऱ्याला फक्त विषय चुकल्याचे दिसते. थोड्याच वेळात दोघांची मारामारी होते, होल्डनचे नाक फुटते आणि त्याच रात्री तो शाळा सोडतो. वरवर पाहता भांडणाचे कारण स्ट्रॅडलेटर फिरायला घेऊन गेलेली जेन गॅलघर ही मुलगी असते. पण हातमोजा कुटुंबाबाहेरच्या ज्या एकाच माणसाला होल्डनने दाखवला होता, ती व्यक्ती म्हणजे जेनच.

३. तीन दिवसांतली लक्षणे

न्यूयॉर्कमधल्या त्या दोन-तीन दिवसांत होल्डनच्या वागण्यात जे दिसते, ते एखाद्या रुग्णपत्रिकेत नोंदवावे इतके स्पष्ट आहे. त्याला झोप लागत नाही. जेवण जात नाही. मधूनच, कारण नसताना, रडू कोसळते. तो फोनबूथमध्ये शिरतो, कुणाला फोन करावा याची मनात यादी करतो आणि फोन न करताच बाहेर पडतो. टॅक्सीवाल्यांना तो बरोबर प्यायला बोलावतो. हॉटेलच्या खोलीवर आलेली वेश्या त्याच्याच वयाची असते. तिला पाहून त्याला उदास वाटते आणि आपण नुसते बोलत बसू, असे तो सुचवतो. पैशांवरून तिचा दलाल त्याला मारहाण करतो, तेव्हा पोटात गोळी लागल्याचे नाटक तो एकटाच करत बसतो, आणि मग खिडकीतून उडी टाकावी असे त्याच्या मनात येते. एका मासिकातला लेख वाचून आपल्याला कर्करोग झाला आहे, अशी त्याची खात्री पटते. रात्री सेंट्रल पार्कमधल्या तळ्याकाठी केसांत बर्फ साठलेला असताना तो स्वतःच्या न्यूमोनियाचा, मृत्यूचा आणि अंत्ययात्रेचा विचार करतो.

फार उदास वाटू लागले की होल्डन अ‍ॅलीशी मोठ्याने बोलतो. काय बोलतो, हे महत्त्वाचे आहे. एकदा होल्डन आणि त्याचा मित्र सायकलवरून बंदुका घेऊन निघाले होते आणि अ‍ॅलीला बरोबर यायचे होते. तू अजून लहान आहेस म्हणून होल्डनने त्याला नेले नाही. आता, काही वर्षांनंतर, हॉटेलच्या खोलीत तो अ‍ॅलीला सांगतो की घरी जा, सायकल घेऊन ये, मित्राच्या घरासमोर भेट. जी परवानगी तेव्हा नाकारली ती तो आज पुन्हापुन्हा देतो आहे. मागे राहिलेल्याची अपराधी भावना इतक्या साध्या प्रसंगातून क्वचितच कुणा लेखकाने दाखवली असेल. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्येही त्याला नायक-नायिकेपेक्षा मर्क्युशिओच्या मृत्यूचे जास्त वाईट वाटते, कारण तो दुसऱ्याच्या चुकीने मेला.

सोमवारी सकाळी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून चालताना ही अवस्था टोकाला जाते. प्रत्येक चौकात फुटपाथवरून खाली पाऊल टाकताना त्याला वाटते की आपण पलीकडे पोचणारच नाही, खाली खाली जाऊ आणि कुणालाच पुन्हा दिसणार नाही. घाम फुटतो. तो अ‍ॅलीची विनवणी करतो की मला नाहीसा होऊ देऊ नकोस, आणि पलीकडे पोचला की त्याचे आभार मानतो. रोजचा रस्ता ओलांडायलाही त्याला मेलेल्या भावाचा आधार घ्यावा लागतो आहे.

४. मोठे होण्याची भीती

होल्डनची मोठे होण्याची भीती याच शोकातून निघते. ११ वर्षांचा अ‍ॅली ११ वर्षांचाच राहणार. होल्डन मात्र वाढतो आहे, आणि तेही झपाट्याने: एका वर्षात त्याची उंची साडेसहा इंचांनी वाढली, तो सहा फुटांच्या वर गेला आणि डोक्याची एक बाजू पांढरी झाली. वागणे मात्र कधीकधी बारा-तेरा वर्षांच्या मुलासारखे आहे, हे तो स्वतःच सांगतो. तेरा हे तर अ‍ॅली गेला तेव्हाचे त्याचे वय. प्रत्येक वाढदिवसाला त्याच्यात आणि भावात एका वर्षाचे अंतर वाढते. वाढायचे म्हणजे भावाला मागे टाकायचे, आणि ते त्याला जमत नाही.

म्हणून न बदलणाऱ्या गोष्टी त्याला आवडतात. निसर्गविज्ञान संग्रहालय त्याला प्रिय आहे, कारण तिथे काचेआड ठेवलेले सगळे जिथल्या तिथे राहते; बदलतो तो फक्त पाहायला येणारा. तरी रविवारी दारापर्यंत जाऊनही तो आत जात नाही. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत इजिप्तविषयी त्याला फक्त ममी आठवल्या होत्या, म्हणजे प्रेते हजारो वर्षे कुजू न देण्याची युक्ती. सोमवारी मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दोन लहान मुलांना ममी कशा करत ते तो समजावून सांगतो. तळ्यातली बदके हिवाळ्यात कुठे जातात, हे तो दोन टॅक्सीवाल्यांना विचारतो आणि दोघांनाही तो वेडगळ वाटतो. थंडीने तळे गोठले की त्यातल्या जिवांचे काय होते, ही त्याची खरी काळजी आहे, आणि ती कर्करोगाने नेलेल्या भावापासून फार दूर नाही.

मोठ्यांच्या जगाबद्दल त्याला तिटकारा आहे, त्यालाही हीच बाजू आहे. मैत्रीण सॅली हेजला तो जंगलातल्या झोपडीत पळून जाऊन राहण्याचा बेत सांगतो. ती म्हणते, कॉलेज झाल्यावर हे सगळे करता येईल. तेव्हा ऑफिस, लिफ्ट, सुटकेसी आणि नातेवाइकांना पाठवायची पोस्टकार्डे, एवढेच आयुष्य त्याला पुढे दिसते. आणखी एक मृत्यूही त्याच्या मनात आहे. आधीच्या शाळेतला जेम्स कॅसल नावाचा मुलगा दांडगट मुलांपुढे शब्द मागे घ्यायला तयार झाला नाही आणि त्याने खिडकीतून उडी टाकली. तेव्हा त्याच्या अंगात होल्डनचाच स्वेटर होता. होल्डनच्या अनुभवात प्रामाणिक मुले मरतात आणि जगतात ती तडजोड करणारी. अशा हिशेबात मोठे होणे हीच तडजोड ठरते.

रविवारी रात्री चोरून घरी गेलेल्या होल्डनला दहा वर्षांची बहीण फीबी विचारते की तुला आवडणारी एक तरी गोष्ट सांग. त्याच्या डोळ्यांसमोर जेम्स कॅसल येतो. तोंडून निघते ते नाव अ‍ॅलीचे. फीबी म्हणते, अ‍ॅली तर मेला आहे. होल्डन उत्तर देतो की ते त्याला ठाऊक आहे, पण माणूस मेला म्हणून तो आवडेनासा होतो का? याच संभाषणात पुस्तकाच्या नावाचा उलगडा होतो. रॉबर्ट बर्न्सचे एक गाणे चुकीचे आठवून होल्डन सांगतो की कड्याकाठच्या राय या धान्याच्या शेतात हजारो मुले खेळत असावीत आणि कड्यावरून पडणाऱ्या प्रत्येक मुलाला पकडणे एवढेच आपले काम असावे. भावाला ज्याने पकडायला हवे होते असे त्याला वाटते, तोच हा पकडणारा.

५. मोठी माणसे

तीन दिवसांत होल्डनला भेटलेली मोठी माणसे वाईट नाहीत. मदत मात्र कुणाची होत नाही. इतिहासाचे मास्तर मिस्टर स्पेन्सर त्याला घरी बोलावून त्याचीच नापास उत्तरपत्रिका मोठ्याने वाचून दाखवतात. जुना शाळासोबती कार्ल ल्यूस, ज्याचे वडील मनोविश्लेषक आहेत, मद्यालयात बसून त्याला उपचार घेण्याचा सल्ला देतो आणि घाईने निघून जातो. जेम्स कॅसलचे प्रेत उचलायला एकटे पुढे आलेले शिक्षक मिस्टर अँटोलिनी रात्री त्याला आसरा देतात, तो कशा घसरणीला लागला आहे हे अचूक ओळखतात आणि शिक्षणावर प्रवचन देतात. होल्डनला त्या क्षणी फक्त झोप हवी असते. पहाटे जाग येते तेव्हा अँटोलिनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत असतात. तो घाबरून पळतो आणि मग आपलाच गैरसमज झाला की काय, या विचाराने हैराण होतो. असे काहीतरी लहानपणापासून आपल्याशी वीसेक वेळा घडले आहे, असे तो सहज सांगतो. लेखक त्यावर एक शब्दही वाढवत नाही. आजचा कोणताही समुपदेशक मात्र ते वाक्य ऐकून थांबेल.

सर्वांत बोलका प्रसंग आईचा आहे. फीबीशी बोलत असताना आईवडील घरी येतात आणि होल्डन कपाटात लपतो. आई खोलीत येते, सिगारेटचा वास येतो म्हणून फीबीला विचारते, आपले डोके दुखते आहे असे सांगते. अ‍ॅली गेल्यापासून तिचे मन ठिकाणावर नाही आणि रात्री ती सिगारेट ओढत बसते, हे होल्डनला माहीत आहे. मुलगा आणि आई एकाच माणसासाठी झुरत आहेत आणि दोघांमध्ये एका कपाटाचे दार आहे. तो बाहेर येत नाही. आईला आणखी त्रास नको, हे त्याचे कारण. शोकग्रस्त घरातली मुले गप्प राहतात ती बहुधा याच कारणासाठी.

६. लेखकाचे युद्ध

होल्डन हे पात्र कादंबरीच्या दहा वर्षे आधीचे आहे. त्याच्यावरची एक कथा ‘द न्यू यॉर्कर’ने १९४१ मध्ये स्वीकारली, पण युद्धामुळे ती डिसेंबर १९४६ पर्यंत छापली गेली नाही. दरम्यान सॅलिंजर सैन्यात दाखल झाले. ६ जून १९४४ रोजी ते नॉर्मंडीच्या युटा किनाऱ्यावर उतरले. पुढे ह्युर्टगेनच्या जंगलातली आणि बल्जची लढाई त्यांनी पाहिली, आणि डाखाऊच्या एका उपछावणीतही ते गेले. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये मानसिक थकव्यासाठी न्यूरेंबर्गच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तिथून त्यांनी अर्नेस्ट हेमिंग्वे यांना पत्र लिहिले होते. युद्धकाळातल्या कथांमध्ये होल्डन कॉलफिल्ड हा बेपत्ता झालेला सैनिक आहे आणि त्याच्यासाठी झुरणारा त्याचा थोरला भाऊ आहे. कादंबरीत ही मांडणी उलटी झाली. होल्डन वाचला आणि धाकटा भाऊ गेला.

कादंबरीतल्या मुलाला युद्धाचा अनुभव नाही. पण डोळ्यांदेखत माणसे मेलेली पाहून आपण जिवंत राहिलेल्याला जे वाटते, ते त्याच्याजवळ पुरेपूर आहे. झोप उडणे, एकदम भडकणे, रस्त्यावर जीव घाबरा होणे, ही लक्षणे युद्धावरून परतलेल्या सैनिकांमध्ये त्या काळी सर्रास दिसत. त्यांना आघातोत्तर ताणविकार हे नाव अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये मिळाले.

७. मानसशास्त्र काय सांगते

किशोरवयाचा स्वतंत्र अभ्यास जी. स्टॅनली हॉल यांच्या १९०४ मधल्या ग्रंथापासून सुरू झाला. हे वय वादळाचेच असते, असे त्यांनी मांडले. कादंबरीच्या आदल्याच वर्षी, १९५० मध्ये, एरिक एरिक्सन यांचे ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ प्रसिद्ध झाले. आपण कोण, हा प्रश्न सोडवणे हे या वयाचे मुख्य काम आणि तो न सुटल्यास भूमिकांचा गोंधळ, अशी त्यांची मांडणी. समाज तरुणाला निर्णय लांबवण्याची मुभा देतो, हेही त्यांनी दाखवले. होल्डनचे न्यूयॉर्कमधले दिवस हे त्याने स्वतःच घेतलेल्या अशा मुभेचे आहेत. अ‍ॅना फ्रॉइड यांनी तर १९५८ मध्ये लिहिले की या वयात मन स्थिर राहणे हेच अस्वाभाविक म्हणावे.

या विचाराला १९६० च्या दशकात धक्का बसला. डॅनियल ऑफर यांनी शिकागो परिसरातल्या सर्वसाधारण शाळकरी मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. बहुतेक मुले मोठ्या वादळाशिवाय वाढतात, असे त्यांना आढळले. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. वादळ हा त्या वयाचा नियम नसेल, तर ज्या मुलात ते दिसते त्याला खरोखरच काही झाले आहे. आयुष्यात पुढे दिसणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, हे नंतरच्या पाहण्यांनी दाखवले. १० ते १९ वयोगटातल्या सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

शोक आणि आजार यांतला फरक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये मांडला. शोकात जग रिकामे होते. विषण्णतेत माणूस स्वतः रिकामा होतो आणि स्वतःलाच दोष देत राहतो. होल्डन दुसऱ्या बाजूला सरकला आहे. लांबलेला शोक हा स्वतंत्र विकार म्हणून रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आणि अमेरिकन निदानपुस्तिकेत २०२२ पासून धरला जातो. गेलेल्याची सतत ओढ, स्वतःला दोष देणे, आपलाच एक भाग मेल्यासारखे वाटणे आणि पुढचे आयुष्य उभे न राहणे ही त्याची लक्षणे होल्डनशी जुळतात. साहित्यिक पात्राला निदान चिकटवण्यात धोका आहेच. पात्र म्हणजे रुग्ण नव्हे आणि लेखकाने जे सांगितले नाही ते तपासता येत नाही. पण निदानाशिवायही हा शोक समीक्षेला पूर्ण दिसायला वेळ लागला. एडविन हॅविलँड मिलर यांनी १९८२ मध्ये अ‍ॅलीच्या मृत्यूला कादंबरीच्या केंद्रस्थानी ठेवणारा लेख लिहिला. पुस्तक निघून तेव्हा तीन दशके झाली होती.

८. दोन समांतर उदाहरणे

न वाढणाऱ्या मुलाची सर्वांत प्रसिद्ध कथा पीटर पॅनची. जे. एम. बॅरी यांचे हे नाटक १९०४ मध्ये लंडनला रंगमंचावर आले. त्याच्याही मागे एक मेलेला भाऊ आहे. बॅरी सहा वर्षांचे असताना, १८६७ मध्ये, त्यांचा थोरला भाऊ डेव्हिड चौदावा वाढदिवस तोंडावर आला असताना बर्फावर घसरून झालेल्या अपघातात वारला. शोकाने खचलेल्या आईला डेव्हिड होऊन दाखवण्याचा धाकट्याने किती प्रयत्न केला, हे बॅरी यांनी १८९६ मध्ये आईच्या चरित्रात सांगितले आहे. डेव्हिड आता कायम मुलगाच राहील, यात आईला थोडे समाधान मिळे. बॅरी यांनी त्या समाधानातून परीकथा केली. सॅलिंजर यांनी तसे केले नाही. त्यांचा नायक अशा कल्पनेपायी आजारी पडतो.

मराठी वाचकाला भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ची (१९६३) आठवण होणे साहजिक आहे आणि ही तुलना मराठी समीक्षेत झालेलीही आहे. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे. त्याचेही निवेदन प्रथमपुरुषी, बोलीतले आणि तिरकस आहे, आणि त्याच्याही आयुष्याचे दोन तुकडे करणारा मृत्यू धाकट्या भावंडाचा, बहिणीचा आहे. फरक आहे तो आधाराचा. होल्डनला निवासी शाळा, हॉटेल आणि शेवटी उपचारकेंद्र मिळते. पांडुरंगला हरून का होईना, परत जायला गाव, शेती आणि वडिलांशी भांडण मिळते. बहिणीचे दुःख तो पानेच्या पाने मोकळे करतो; होल्डन भावाचे दुःख विनोदाच्या आड चोरून ठेवतो.

९. फिरते घोडे आणि पाऊस

कादंबरीच्या अखेरीस होल्डन पश्चिमेला पळून जायचे ठरवतो. बहिरा-मुका असल्याचे सोंग घेऊन पेट्रोलपंपावर काम करायचे, म्हणजे कुणाशी बोलायलाच नको. निरोप घ्यायला बोलावलेली फीबी होल्डनच्याच जुन्या सुटकेसमध्ये आपले कपडे भरून येते: तिलाही बरोबर जायचे आहे. तो तिला नाही म्हणतो. अ‍ॅलीलाही त्याने एकदा असेच नाही म्हटले होते. पण या वेळी नाही म्हणताना त्याला स्वतःचे जाणेही रद्द करावे लागते. ती रुसते आणि दोघे उद्यानातल्या फिरत्या घोड्यांपाशी येतात. घोड्यावर बसलेली मुले लटकवलेली सोनेरी कडी पकडायला झेपावतात. पडतील की काय असे होल्डनला वाटते, आणि तरी त्याचे मन सांगते की त्यांना पकडू द्यावे, पडली तर पडू द्यावे, मध्ये बोलू नये. कड्याकाठी उभे राहून प्रत्येकाला पकडण्याचे काम त्याने इथे सोडले.

त्याच क्षणी पाऊस सुरू होतो. इतर आईबाप घोड्यांच्या छपराखाली धावतात. होल्डन बाकावरच बसून भिजतो आणि आनंदाने त्याला रडू येण्याच्या बेतात असते. या पावसाला आधीचा एक पाऊस जोडून वाचावा लागतो. अ‍ॅलीच्या कबरीवर कुटुंब गेले असताना दोनदा पाऊस आला होता. लोक पळत गाड्यांमध्ये शिरले, रेडिओ लावले आणि जेवायला निघाले. अ‍ॅली मात्र तिथेच भिजत राहिला, हे होल्डनला असह्य झाले होते. आता सगळे आडोशाला गेले असता तो स्वतः पावसात बसून आहे. समोर त्याची बहीण गोल गोल फिरते आहे, जिवंत आहे, आणि ती मोठी होणार हे तो मान्य करतो आहे. तो बरा झालेला नाही; यानंतर तो आजारी पडतो, हेही तोच सांगतो. पण शोक पुढे सरकायला सुरुवात इथे होते.

सॅलिंजर यांनी मात्र होल्डनला कधीच मोठे होऊ दिले नाही. चित्रपटाची परवानगी त्यांनी कायम नाकारली. २००९ मध्ये एका स्वीडिश लेखकाने वृद्ध होल्डनची कादंबरी लिहिली, तेव्हा ९० वर्षांचे सॅलिंजर न्यायालयात गेले आणि न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने तिच्या अमेरिकेतल्या प्रकाशनाला तात्पुरती मनाई केली. २७ जानेवारी २०१० रोजी न्यू हॅम्पशरमधल्या कॉर्निश गावी त्यांचे निधन झाले.

१०. निष्कर्ष

किशोरवयीन मुलाचे नापास होणे, भांडणे, खोटे बोलणे आणि मोठ्यांचा तिरस्कार करणे याकडे घरात आणि शाळेत दोन प्रकारे पाहिले जाते: वळण नाही, किंवा वयच तसे आहे. होल्डनची कथा दोन्ही उत्तरे अपुरी ठरवते. त्याच्या शाळेने गुण मोजले, शिक्षकांनी उपदेश केला, मित्राने तज्ज्ञाकडे जायला सुचवले. भावाबद्दल त्याला एकानेही विचारले नाही. विषय निघाला तो दहा वर्षांच्या मुलीच्या बोलण्यातून.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की मुलांना शेजारी पाठवतात, भाऊ देवाघरी गेला एवढे सांगतात आणि तेराव्यानंतर शाळा सुरू करतात. मोठ्यांच्या शोकाला दिवस ठरवून दिलेले असतात, भेटायला येणारी माणसे असतात. मुलाच्या वाट्याला यातले फार थोडे येते. अशा मुलाचा अभ्यास वर्षा-दोन वर्षांनी घसरला, तो एकलकोंडा झाला, पुढे काय व्हायचे या प्रश्नावर चिडू लागला, तर त्या जुन्या मृत्यूपासून विचारायला सुरुवात करावी. गेलेल्या भावंडाचे नाव घरात घेतले जावे, त्याच्या वस्तू मुलाला हाताळू द्याव्यात आणि आईवडिलांनी आपले रडू मुलापासून लपवू नये. मरणाची भाषा मुलाच्या बोलण्यात आली, तर विलंब न करता तज्ज्ञाची मदत घ्यावी; केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मोठे व्हायला घाबरणाऱ्या मुलाला भविष्याची भाषणे देण्याआधी, त्याने मागे कुणाला गमावले आहे, हे मोठ्यांनी विचारले पाहिजे.